घर माझ्या गाठीने दिले होते

मी, कडूबा रंगनाथ सोनुने, वय बासष्ट, धंदा शेती, राहणार धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे की नाही, हा मुद्दा कलम तीनमध्ये घेतला आहे.

१. माझ्या मानेत पॅराथायरॉइड नावाच्या चार ग्रंथी आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी असावी ती एक फुगून बोराएवढी झाली. ती हाडांतले कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. त्याने हाडे ठणकली, मुतखडे झाले, आणि मी घरादारावर खेकसू लागलो. पत्नी साळूबाई म्हणाली, "तुमचं कायतरी बिघडलंय, जालन्याला दाखवा." मला वाटले, ही मला येडा ठरवते. शेजारी तातेराव म्हणाला, "हाडं दुखून राह्यले ना, मंग रोज गव्हाएवढा चुना खाय. बिलकुल बराबर होशील." मी त्याच्याच डबीतला चुना खाल्ला, आणि खूश होऊन गेल्या साली राहते घर मृत्युपत्राने त्याच्या नावे केले. साळूबाईला गोठा ठेवला. तेव्हापासून तातेराव टेप घेऊन आमची ओसरी मोजतो.

२. परवा गाठीचे ऑपरेशन आहे. मी उठलो नाही तर साळूबाई गोठ्यात जाईल. म्हणून ते मृत्युपत्र रद्द. घर साळूबाईला. शेत मुलगा कल्याणला, आईला विचारून पेरायच्या अटीवर. बरणीत जपलेले मुतखडे तातेरावला. त्यात त्याच्या चुन्यातल्या कॅल्शियमचा वाटा आहे. गावातली माझी सर्व भांडणे गाठीची होती, ती मिटली. मेहुणे अण्णासाहेब यांच्याशी असलेले भांडण गाठीच्या आधीचे आहे, ते चालू राहील.

३. शुद्धीवर असल्याचा दाखला मागितला तर ऑपरेशन करणाऱ्या डॉ. गंधाली पाठक म्हणाल्या, "काका, कॅल्शियम अजून चढलेलंच आहे, त्याने डोकंही भरकटतं. कसं लिहून देऊ?"

मी म्हणालो, "म्याडम, मागलं लिहिलं तवा बी चढेलच व्हतं. तेवढंच लिवा."

त्यांनी गेल्या सालचा, मुतखड्याच्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि लिहून दिले: 'कडूबा आज तेवढेच भानावर आहेत, जेवढे मागील मृत्युपत्राच्या वेळी होते.' दाखला सोबत जोडला आहे. आजचे मृत्युपत्र खरे धरले तर घर साळूबाईचे. खोटे धरले तर मागलेही खोटे, मग घर वारसाने मायलेकांचे. तातेरावने कोर्टात जरूर जावे.

साळूबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "घराचं ऱ्हाऊ द्या. जल्दी गाठ काढून या. खेकसायला कोणी नसलं तर मला करमायचं न्हाई."

सही: कडूबा रंगनाथ सोनुने

साक्षीदार:
१. अण्णासाहेब (भांडण कायम ठेवून)
२. तातेराव (ओसरीवर राहिलेला टेप परत मिळावा. मुतखडे नकोत.)

ठिकाण: जालना
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५