न दिसणाऱ्या समुद्रावरची घरपट्टी

प्रति,
मा. करनिर्धारण अधिकारी,
मालमत्ता कर विभाग, नगरपालिका कार्यालय,
सांता युफेमिया.

विषय : घर क्र. १७, मीठवाल्यांची गल्ली, या घरास लावलेली 'समुद्रदर्शन' वाढ रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपली घरपट्टीची नोटीस, दि. ३ ऑक्टोबर.

महोदय,

१. मी, बेल्मिरो क्वारेज्मा, वय ७८, वरील घरात जन्मापासून राहतो. समोरच्या सार्डिन मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षे डब्यांना झाकणे बसवली. अकरा वर्षांपूर्वी काचबिंदूने माझे दोन्ही डोळे गेले. सदर अर्ज मी तोंडी सांगत असून शेजारीण श्रीमती एर्मेलिंदा लिहून घेत आहेत.

२. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, सबब घरपट्टी दीडपट करण्यात येत आहे, असे नोटिशीत नमूद आहे. याबाबत वस्तुस्थिती अशी की, माझे डोळे शाबूत होते तोवर त्या खिडकीतून कारखान्याची भिंत दिसे. डोळे गेल्यावर तिसऱ्या वर्षी नगरपालिकेने कारखाना पाडला आणि तेथे फिरायला रस्ता केला. म्हणजे मी पाहत होतो तेव्हा समुद्र नव्हता, आणि समुद्र आला तेव्हा पाहणारा नव्हता. माझ्या घरातून समुद्र मी आजतागायत एकदाही पाहिलेला नाही.

३. ही बाब मी आपल्या कार्यालयात खिडकी क्र. ४ वर समक्ष मांडली. तेथील लिपिक म्हणाले, "आजोबा, कर बघणाऱ्यावर नसतो, खिडकीवर असतो." मी म्हटले, "मग नोटीस खिडकीच्या नावानं पाठवायची." त्यावर ते म्हणाले, "रस्त्याकडेला चौऱ्याऐंशी ताडाची झाडं लावलीत, अंदाजपत्रकात त्यांचा खड्डा पडलाय. तो कुणी भरायचा, मी?" मागे रांगेत हशा पिकला. मला टोकन परत देऊन घरी पाठवण्यात आले.

४. गल्लीतील इतर रहिवाशांचे अनुभवही आपल्या कानी घालणे भाग आहे. केशकर्तनकार श्री. झेफेरिनो यांनी वाढ टाळण्यासाठी आपली खिडकी विटांनी बुजवली. त्यांना विनापरवाना बांधकामाची नोटीस आली. श्रीमती एर्मेलिंदा यांनी खिडकीबाहेर गोधड्या व खारवलेले मासे वाळत घातले. तो 'हलता अडथळा' ठरवून अमान्य झाला. निवृत्त शिक्षिका श्रीमती फिलोमेना यांनी, ताड मोठे झाल्यावर समुद्र झाकला जाणार असल्याने सूट आगाऊ मिळावी, असा अर्ज केला. ताड मोठे झाल्यावर 'उद्यानदर्शन' वाढ लागू होईल, असे त्यांना लेखी कळवण्यात आले. बाईंनी ते पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावले आहे.

५. माझ्या तक्रारीवरून दि. ५ नोव्हेंबर, मंगळवार रोजी आपले निरीक्षक श्री. लिसिनियो बार्रेतो मोजपट्टी घेऊन घरी आले. मी कॉफी ठेवली. त्यांनी खिडकी मोजली आणि पुटपुटत लिहिले : दिशा पश्चिम, अडथळा नाही. मी म्हटले, "साहेब, पैसे मी भरणार. निदान दिसतंय काय, ते तरी सांगा."

"समुद्र दिसतोय, काका."

"तो मलाही ऐकू येतो. कसा दिसतो?"

ते मोजपट्टी खाली ठेवून खिडकीशी खुर्चीत बसले. मग म्हणाले, "सार्डिनचा डबा रिकामा झाला ना, की आतला पत्रा चमकतो. तसा."

महोदय, एकतीस वर्षे तो पत्रा माझ्या हातात होता. मला समुद्र लगेच दिसला.

त्यानंतर त्यांनी दोन होड्या सांगितल्या, पैकी एकीचा रंग उडालेला. धक्क्यावर एक बाई माकूळ मासळी धूत होती आणि तिच्या टोपलीवरून दोन पक्षी भांडत होते, तेही सांगितले. कोण जिंकतो ते कळेपर्यंत मी त्यांना उठू दिले नाही. चाळीस मिनिटे गेली, कॉफी गार झाली. मला रडू आले. ते घाबरून म्हणाले, "काका, हप्ते बांधून घेता येतात हो!" मी सांगितले, पट्टीसाठी नाही. जाताना दारात ते म्हणाले, "आमच्या ऑफिसला खिडकीच नाही."

६. सदर निरीक्षकांनी आपले काम प्रामाणिकपणे केले. अहवालात त्यांनी 'दर्शन : उत्कृष्ट' असा शेरा मारला, आणि त्याआधारे दि. ११ रोजी माझी घरपट्टी आणखी एक पायरी वर गेली. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. शेरा खरा आहे.

७. सबब विनंती की,
(अ) समुद्रदर्शन वाढ रद्द व्हावी.
(आ) ते शक्य नसल्यास, ज्या दर्शनाचे पैसे घेतले जातात ते मला मिळावे. त्यासाठी श्री. बार्रेतो यांची दर मंगळवारी चाळीस मिनिटे माझ्या खिडकीत नेमणूक करावी. कॉफी माझी. धुक्याच्या दिवशी त्यांनी धुके सांगितले तरी चालेल.
(इ) वरील दोहोंपैकी एकच मंजूर करता येत असेल, तर वाढ राहू द्यावी आणि श्री. बार्रेतो यांना पाठवावे.

मंगळवारी दाराकडे कान लावून बसणारा,
आपला नम्र,
बेल्मिरो क्वारेज्मा
(सही रेघ सोडून खाली गेली आहे, ती ग्राह्य धरावी.)

दि. १४ नोव्हेंबर

सोबत : १) नोटिशींच्या प्रती, दोन. २) नेत्रतज्ज्ञांचा दाखला.

लेखनिकाची टीप : मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे, फक्त परिच्छेद ३ मधील एक शिवी गाळली. कलम (इ) ला माझा सक्त विरोध होता. काकांनी ऐकले नाही. — एर्मेलिंदा, घर क्र. १९