मामाच्या गाडीतली घरघर

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही एकमेकांचं ऐकून घेत नाही, म्हणून लिहिते. मामाची वापरलेली हायब्रिड गाडी मी घेतली हे आईकडून कळलंच असेल. जनावरांच्या डॉक्टरला गाडी नसणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा नसणं.

आधी घाण सांगते. सीटखाली अर्धं खाल्लेलं सफरचंद निघालं, बुरशीचे केस फुटलेलं. कप ठेवायच्या खाचेत चिकट थर, त्यात एक माशी कायमच्या मुक्कामाला. मामी म्हणाली होती, गाडी धुऊनपुसून दिली आहे! मी रोज शेणापुवात कोपरापर्यंत हात घालते, मला काही होत नाही. पण माणसांची घाण मला बघवत नाही.

आता खरं दुखणं. गाडी न्यूट्रलला उभी असली की पोटातून घरघर येते, जातं रिकामं फिरवल्यासारखी. मामाने दाखवली तेव्हा मात्र अगदी गरीब गाय होती, कारण थांबलं की हिचं इंजिन आपोआप बंद होतं. काचेवरची वाफ घालवायला पंखा पूर्ण सोडला की इंजिन चालू राहतं आणि मग ऐकू येतं. मामाला विचारलं, तर म्हणाला, हायब्रिड आहे बाळ, बॅटरी बोलते.

तू गॅरेजवाला, तूच सांग काय ते. वहिनीला नमस्कार. माया आहेच, उत्तराला मात्र उशीर नको.

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बॅटरी बोलत नाही. बोलणारं तिच्यापलीकडे आहे. हायब्रिड असली तरी तुझ्या गाडीला क्लच आणि हाताने टाकायचे गिअर आहेत, तेव्हा दुखणं जुन्या घराण्यातलंच असणार.

पंखा पूर्ण सोडून इंजिन चालू ठेव, गाडी न्यूट्रलला आण, हँडब्रेक ओढ. क्लचवरून पाय काढून ऐक, मग क्लच पूर्ण दाबून ऐक. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं बेअरिंग गेलं आहे, ते सोपं. दाबल्यावर आवाज बंद झाला तर गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून फिरणारा जो शाफ्ट असतो त्याचं बेअरिंग गेलं आहे. मग गिअरबॉक्स उतरवून आतून खोलावा लागेल. त्याआधी खालचा बोल्ट काढून तेल मात्र बघायला सांग. तेल खोटं बोलत नाही.

आणि मामावर जीभ चालवू नकोस. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. आपल्याला सायकल शिकवताना मागून धावून धावून त्याचा दम निघायचा, ते विसरलीस? सफरचंद त्याचं असेल, बेअरिंगचं पाप त्याच्या माथी मारू नकोस.

आईला जप. तू चिडकी आहेस तशीच आम्हाला हवी आहेस.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

क्लच दाबला की आवाज बंद. म्हणजे तू म्हणालास ते दुसरं. गॅरेजची वेळ ठरवली होती, पण त्याच्या आदल्या दिवशीच टेकडीपलीकडच्या गोठ्यातून निरोप आला, गाय अडली आहे. निघाले. उतारावर तिसरा गिअर आपणहून सुटला. गाडी मोकळी धावायला लागली, ब्रेकवर कशीबशी आवरली. नंतर कुठलाच गिअर पडेना. उरलेली वाट बॅग खांद्यावर टाकून चालत गेले. गाय वाचली, वासरू नाही. गोठ्याच्या मालकिणीने हात धुवायला गरम पाणी आणून दिलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने खालचा बोल्ट काढला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. तेल नव्हतंच ते. करपलेल्या खिरीसारखा काळा लगदा, त्यात धातूची चकाकी आणि लाकडाचा भुसा! मेकॅनिक म्हणाला, ही जुनी लबाडी आहे, भुसा टाकला की आवाज काही दिवस दबतो, तेवढ्यात गाडी खपवायची. मी सडलेले गर्भ हाताने काढले आहेत, दादा. काल पहिल्यांदा बाहेर जाऊन ओकले.

मामाने भाचीलाच मामा बनवलं. आता तूच त्याच्याशी बोल, माझ्या तोंडून नको ते निघेल. आईला काही सांगितलेलं नाही. जीव लाव, पण समजूत घालू नकोस.

धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

समजूत घालत नाही. मी बोललो मामाशी. मला वाटलं होतं म्हणेल, कुणा मेकॅनिकने परस्पर केलं, मला ठाऊक नाही. मी ते मानायला तयार बसलो होतो. तो हसला. म्हणाला, स्वतःच्या हाताने भरला भुसा, विकताना सगळेच करतात. मी विचारलं, मग परक्याला का नाही विकलीस? तर म्हणाला, परका पोलिसात जातो, घरचं माणूस फार तर रुसतं. वासराचं सांगितलं, तर म्हणाला, वासरं काय, मरतातच.

फोन ठेवून मी हात धुतले. ग्रीस नव्हतं हाताला, तरी धुतले.

आता कामाचं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी मोठ्या बॅटरीचा स्विच बंद करायला सांग, त्यात जीव घेण्याइतकी वीज असते. शाफ्टची सगळी बेअरिंगं आणि सील नवी टाका, तिसऱ्या गिअरचे दात तपासा. गिअरबॉक्सचं आतलं घर धू, पुन्हा धू. भुसा कानाकोपऱ्यात बसतो. कंपनीने सांगितलेलंच तेल भर. बेअरिंगं मी इथून पाठवतो, कारण तिथे कुणाच्या हातची वस्तू घ्यायला माझं मन धजत नाही.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. जपून राहा, एवढंच मागणं.

दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी झाली. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलला उभी केली, क्लच सोडला, दाबला, पुन्हा सोडला. काही नाही. उतारावर तिसरा गिअर घट्ट बसतो. मेकॅनिक म्हणाला, तिसऱ्याचे दात थोडक्यात वाचले. टेकडीपलीकडची ती गाय उभी राहून खाते आहे, काल बघून आले. मालकिणीने पुढच्या वेळीही मलाच बोलवायचं ठरवलं आहे. हे ऐकून मला लाजच वाटली.

आईला सांगितलं. सगळं, मामाच्या शब्दांसकट. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. तुला माहीत आहे, मामाविरुद्ध कुणी ब्र काढला की ती कशी अंगावर येते. या वेळी म्हणाली, मला त्याच्याकडे ने.

मामीने चहा ठेवला. आईने मामाला एवढंच विचारलं, उतारावर माझी पोर असेल हे डोक्यात आलं होतं का? तो म्हणाला, ताई, उगाच वाढवू नकोस, पोर धडधाकट बसली आहे ना समोर. आईने ओळख पटत नसल्यासारखं त्याच्याकडे बघितलं. मग उठली. चहा तसाच राहिला. आजवर भावाच्या घरचं पाणीसुद्धा तिने कधी उरवलं नव्हतं.

मामा मागोमाग गाडीपर्यंत आला. खिडकीशी वाकून, अगदी प्रेमाने, त्याने मला विचारलं, आवाज गेला ना गं आता?

आईने काच वर केली.

वहिनीला नमस्कार. तू इकडे ये, आईला तू हवा आहेस.

तुझी,
धाकटी