उंबऱ्यावरून सोडलेलं अंडं

अक्का,

टांगा मीच लवकर बोलावला, रागावू नका. तुम्ही आणि नाओमी देवळातून यायच्या आत निघतेय. तिच्यासमोर उंबरा ओलांडणं मला जमलं नसतं. मिरजेच्या इस्पितळापर्यंत हे बरोबर आहेत.

इस्टरची उकडलेली अंडी शिंकाळ्यातल्या टोपलीत आहेत. ऊन फार आहे, आजच संपवा. कांदा-खोबरं भाजून रस्सा करा, बटाटा घाला, म्हणजे सगळ्यांना पुरेल. क्षयाला अंडी चांगली म्हणून अख्ख्या शरणपुराने आणून दिली. मला घास उतरला नाही, हे कुणाला बोलू नका. आणि भिऊ नका, टोपलीला माझा हात लागलेला नाही. माझं अंथरूण तेवढं जाळून टाका.

काल नाओमीने तिचं रंगवलेलं अंडं दारातूनच माझ्याकडे घरंगळत सोडलं. आत यायचं नाही, हे आता तिला सांगावं लागत नाही. मी ते परत सोडेन म्हणून पोर किती वेळ ओंजळ धरून बसली होती. माझा हात लागलेलं अंडं तिला कसं देणार? झोप आल्याचं सांगून मी भिंतीकडे तोंड केलं.

ते अंडं मी बरोबर नेतेय. टोपलीतलं एक लाल अंडं रश्श्यात घालू नका. ती आली की तिला दारात बसवा, तुम्ही माझ्या खोलीत बसा आणि ते तिच्याकडे सोडा. म्हणावं, आईचा डाव राहिला होता.

तुमची धाकटी जाऊ,
एस्तेर