पाटाचे एकेचाळीस नियम

२ ऑक्टो. १९४६, बुधवार
खानापुराहून दुपारी गावी. तळ्याच्या पाटाचा काठ वडाजवळ फुटला आहे, पाणी ओढ्यात. शेवटच्या वाफ्यांतील भात पोटरीत, लोंबी अजून बाहेर यायची आहे. आठवड्याच्या आत ओल न पोचल्यास दाणा भरणार नाही. पाटकरी रामू फावडे टेकून उभा. का थांबलास, विचारले. "नियम सतरा, अण्णा." नियम माझाच, पाणी-कमिटीचा चिटणीस म्हणून केलेला : कमिटीने लेखी अहवाल मंजूर केल्याशिवाय काठास हात लावू नये. गेल्या साली न विचारता माती टाकली म्हणून त्याला आठ दिवस घरी बसविले, तेही मीच.

३ ऑक्टो.
पाणी-कमिटीची सभा भरली नाही. पाचांपैकी तिघे बेळगावास, अध्यक्ष कोण या वादापायी वकिलाकडे. वडिलांच्या काळी कमिटी नव्हती. घरटी एक माणूस पाटावर येई. मग एक भांडण, एक नियम. एक नियम, त्यावर एक देखरेख. आज देखरेखीस सात जण, फावड्यास एकटा रामू.
रोमच्या पडझडीविषयी वाचतो आहे. शत्रू बाहेरून आला, असे पूर्वी वाटे. आता वाटते, प्रत्येक अडचणीवर एक कचेरी काढीत गेले आणि अखेर सारे बळ कचेऱ्याच सांभाळण्यात...
तिन्हीसांजेस तानूआक्का दारात येऊन बसली. शेवटचा वाफा तिचा. दुसरा आधार नाही. "सभा भरंपातूर माझं भात दम काढंल व्हय?"

४ ऑक्टो.
सकाळी आक्का घमेले वाजवीत गल्लीतून फिरली, जुन्या रीतीने. घरटी माणूस आला. मी हजेरीची वही घेऊन गेलो. तिने ती काढून वडाच्या ढोलीत ठेवली, हाती मातीची बुट्टी दिली. "लिवायचं मागनं. आदी माती." रामू माझ्याकडे पाहत राहिला. मी पहिली बुट्टी टाकली, तेव्हा त्याने फावडे उचलले. दुपारपर्यंत काठ उभा. तळहातांस फोड. कोणी दोष दिला नाही. भाकरी मात्र चौघांनी पुढे केली. इतके भरून बऱ्याच वर्षांत आले नव्हते.

६ ऑक्टो., रविवार
नियम कमी करावयास बसलो. सतरावा खोडला. अठरावा : सूर्यास्तानंतर पाणी सोडण्याची फळी उचलू नये. तो केला तेव्हा दोन सख्ख्या भावांत कोयता निघाला होता. पुढचे वाचले, प्रत्येकामागे एक मिटलेले भांडण. कोणता आधार, कोणते ओझे, ठरेना. आक्काला विचारले. हसली. "मला काय इचारता? पाणी पोचलंय. लोंबी भरती का, ते दिवाळीला कळंल."
चाळीस उरले. लेखणी अठराव्यावर.