पुंजाचं अक्षर

वांगणी,
मंगळवार, १३ मार्च २००१

प्रिय पुष्पलता,

हे पत्र भागी मावशीच्या हाती देते आहे. टपालाने पाठवलं असतं तर तुझ्या भावाने आधी फोडलं असतं. तुझ्या नावाचं पाकीट फोडायचा हक्क हल्ली खोडाळ्यात ज्याला त्याला मिळालाय असं ऐकते. मावशीला वाचता येत नाही. मोहाची फुलं विकायला ती बाजाराला येईल तेव्हा तुझ्या आईकडे पाणी प्यायच्या निमित्ताने वळेल. मघाशी दारात बसून ती मला म्हणाली, 'येवढा काय लिवतस गो, हात दुखंल ना?' मी म्हटलं, दुखू दे. माझं नाव बघून हे न वाचताच चुलीत घालावंसं तुला वाटेल, ते मला कळतं. घाल, पण वाचून घाल. पाया पडते तुझ्या.

शाळेचं म्हणशील तर होळीला आलेली माणसं पोरं घेऊन पुन्हा वीटभट्टीवर गेली. तिसरीत चार मुलं उरलीत. त्यांच्यासमोर मी उभी राहते आणि काय शिकवत होते तेच विसरते. काल फळ्यावर सत्तावीस वजा नऊ सोळा लिहिलं आणि मुलांनी तेच निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. घास तोंडातल्या तोंडात फिरतो. आई विचारते, 'काय झाला तुला? कोनी काय केला का?' तिला काय सांगू, की मला कोणी काही केलेलं नाही, जे केलं ते मीच केलं.

डी.एड.चं दुसरं वर्ष आठवतं ना? पत्रलेखनाचा पाठ होता. सरांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या; जी चिठ्ठी येईल ते माणूस होऊन पत्र लिहायचं. तुला आली मोळी विकणारी बाई आणि मला जंगलखात्याचा गार्ड. मागच्या बाकांवरच्या पोरांना वाटलं, ही आता चिठ्ठी बदलून मागणार. मी कशाला मागते? उभी राहिले आणि खणखणीत आवाजात वाचलं की मी काल गस्तीला गेलो होतो, वाटेत तुला मोळी घेऊन जाताना पाहिलं, आणि तुला न अडवता तसाच परत आलो. गेलो, आलो म्हणताना मला जिभेवर काही वेगळं लागलं नाही. वर्ग फिदीफिदी हसला, सरसुद्धा हसले. तू मात्र हसली नाहीस. तुझी पाळी आली तेव्हा मोळीवाली होऊन तू मला उत्तरच वाचून दाखवलंस, की गार्डसाहेब, अडवलं नाहीत ते बरं केलंत, पण मोळीला हात लावून डोक्यावर चढवून तरी द्यायची होतीत. त्या दिवशी माझा गार्ड पुंजा झाला आणि तुझी बाई सखी. वसतिगृहात आपण दोन वह्या संपवल्या.

नोकऱ्या लागल्यावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. मी इथे वांगणीला आले, तुझं गौतमरावांशी लग्न झालं. ते कचेरीत कारकून, तू जव्हारजवळच्या शाळेत, मग टीना झाली. तरी वही चालूच राहिली. महिन्याच्या केंद्रबैठकीला भेटायचं आणि सगळ्यांसमोर वही बदलायची. वर खाकी कव्हर, त्यावर लेबल 'पाठटाचण'. शिक्षकाच्या टाचणवहीइतकी कंटाळवाणी वस्तू जगात नाही, तिला कोण हात लावतो, ही तुझी अक्कल. अक्षराची अक्कल माझी. फलकलेखनात माझा पहिला नंबर, तालुक्यातले सगळे कापडी फलक माझ्या हातचे, त्यामुळे माझं अक्षर शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून पुंजा डाव्या हाताने लिहायचा. आधी कोंबड्याचे पाय निघाले, मग हळूहळू त्याला स्वतःचं वळण आलं, उजवीकडे कललेलं, रेघ न देणारं, थोडं आडदांड. उजव्या हाताने मी जे कधी लिहिलं नसतं ते त्या हाताने लिहिलं. पुंजा खोडाळ्याच्या बाजारात बाकावर पाय पसरून चहा पीत बसायचा. त्याला लग्न कधी करणार म्हणून कोणी विचारत नव्हतं. त्याला सखी आवडते हे तो सरळ सांगायचा, आणि सांगून झाल्यावर त्याला गुन्हा केल्यासारखं वाटत नसे. वही उघडून लिहायला बसायचे ते महिन्यातले चार दिवस मी माणसात असायचे.

आणि मग ती शाळेची तपासणी. तू टाचणवही घरी विसरलीस, साहेब दारात येऊन बसले, तू शिपायाला घरी पाठवलंस की खाकी कव्हरची वही पाठवून द्या. गौतमरावांनी बायकोची नोकरी अडचणीत येऊ नये म्हणून धावतपळत स्वतः आणली. माणूस चांगला, वही चुकीची. साहेबांनी सवयीप्रमाणे पहिल्या पानावर लाल शाईने 'पाहिले' लिहून सही केली, तारीख टाकली आणि मग पान उलटलं. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, आणि देवाशप्पथ, पहिल्या क्षणी मलाही हसू आलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं होतं. 'प्रिय पुष्पा'पासून 'तुझाच पुंजा'पर्यंत. गौतमराव तिथेच उभे होते, घामाने भिजलेले.

यानंतरचं तुला मी सांगायला नको, तू तिथेच होतीस. पण मला सांगायचं आहे, कारण तुझ्या जागेवरून तुला माझा चेहराच दिसला असेल, आत काय चाललं होतं ते दिसलं नसेल. तू सासरच्यांना आधीच सांगितलं होतंस की हा खेळ आहे, एका मैत्रिणीबरोबर लिहिलेला. कोण मैत्रीण, असं त्यांनी विचारलं. माझं नाव तू घेतलं नाहीस. मी स्वतः होऊन सांगेन याची तू वाट बघत होतीस, हो ना? मला बोलावून घेतलं, चटईवर बसवलं, तुझ्या सासूने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, 'मास्तरीण, तू हिची मैतरीण. खरा सांग, ह्या अक्षर कोनाचा हाय?' समोर पुंजाचं अक्षर होतं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, टीना तुझ्या मांडीवर झोपली होती. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणाले, हे अक्षर मी कधी पाहिलेलं नाही. एवढंच नाही, वर म्हणाले की कुणा पुरुषाचं दिसतंय. हे शेवटचं कशाला म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतरही तू माझं नाव सांगितलं नाहीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी डोळ्यांदेखत दिली, आणि त्यांच्या घरचा चहा पिऊन आले.

रविवारी खोडाळ्याला पंचांची बैठक आहे, काडी मोडणार आहेत, हे मला केंद्रप्रमुखांकडून कळलं. दोष तुझा ठरला तर टीना बापाकडे राहणार आणि तुला तिला भेटायचीसुद्धा बंदी. दोष नाही असं ठरलं तर पोर आईची. पाच वर्षांची पोर. तिचे दुधाचे दातही अजून पडले नाहीत. पुष्पे, गेले कित्येक दिवस मी हाच एक हिशेब मांडते आहे आणि तोही माझा चुकतोच आहे.

मला राग कशाचा येतो सांगू? आमचे आबा गावच्या बोहाड्याच्या उत्सवात वीस वर्षं देवीचं सोंग नाचवत आले. लुगडं नेसून, बांगड्या भरून, मुखवटा चढवून आबा संबळाच्या तालावर निघाले की माझी आजी, त्यांची स्वतःची आई, त्यांच्या पाया पडायची. सकाळी आबा पालापाचोळा जाळून राब भाजायला शेतात. कोणी कधी म्हटलं नाही की अरे, हा बाईसारखा का वागला, याच्या मनात काय आहे? पुरुष देवी होतो तर गाव नारळ देतं. मी कागदावर, चार भिंतींच्या आत, एक साधा गार्ड झाले तर एका बाईचा संसार मोडतो. लहानपणी मी आबांना म्हटलं होतं की मलाही एक सोंग द्या. ते म्हणाले, बायांनी सोंग नाय घ्यायचा. मी विचारलं, का? त्यांनाही माहीत नव्हतं. पण हा राग काढून तुझ्यापुढे पुण्यवान व्हायचं नाही मला. आबा मुखवटा उतरवला की आबा असायचे. माझं तसं नव्हतं, आणि तेच तुला सांगायचंय.

तू विसरली नसशील, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात पुंजाने एका पत्रात 'प्रिय सखी'ऐवजी 'प्रिय पुष्पा' लिहिलं. बैठकीनंतर एसटी स्टँडवर तू मला चिडवलंस की तुझा गार्ड नाव विसरायला लागला, दारू पितो की काय. मी म्हणाले, घाईत लिहिलं, चुकून झालं. तू म्हणालीस, राहू दे, सखी व्हायचा मलाही कंटाळा आलाय. पुढच्या वहीत तू पुष्पा म्हणूनच उत्तर दिलंस, आणि तेव्हापासून सखी गेली ती गेलीच. ते चुकून झालेलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी दोन दिवस वही उघडी ठेवून बसले होते. डाव्या हाताने लिहिला, म्हणून लिहिता आला. सखीच राहिली असती तर त्या वहीत कोणाला काही सापडलं नसतं. साहेबांनी चार कुजकट शेरे मारले असते आणि विषय संपला असता. तुझं घर त्या एका शब्दाने मोडलं आणि तो मी जाणूनबुजून लिहिला. सासूबाईंसमोर मी खोटं बोलले ते नोकरीच्या भीतीने नाही, माझ्या भावाचं ठरलेलं लग्न मोडेल म्हणूनही नाही. अक्षर माझं आहे असं म्हटलं की ती पानं पुन्हा वाचली जातील, माझं नाव धरून वाचली जातील, आणि वाचणाऱ्याला कळेल की यात पुंजा कुठेच नाही, याची मला भीती वाटली. माझं तुझ्यावर प्रेम आहे, पुष्पा. हे मी उजव्या हाताने लिहिते आहे. तू शेवटच्या पानावर लिहिलंस की पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळतं, मुलं लवकर सुटतात, तेव्हा ये. ते तू पुंजाला लिहिलंस की मला, हे मी विचारत नाही. आता त्याचं उत्तर देऊन तुझं भलं होणार नाही.

रविवारी मी खोडाळ्याला येते आहे, न बोलावता. सगळ्या पंचांसमोर, तुझ्या सासूसमोर, गौतमरावांसमोर मी डाव्या हातात पेन घेईन आणि ते सांगतील ते वाक्य पुंजाच्या अक्षरात लिहून दाखवेन. हातच्या कांकणाला आरसा कशाला. आधी खोटं का बोललीस म्हणून विचारतील, तर लाजेने बोलले असं सांगेन आणि देतील त्या शिव्या खाईन. मग ते विचारतील की एवढं सगळं कशासाठी लिहिलं, आणि पुष्पाचं नाव का घातलं. तेव्हा मी हसून सांगणार आहे की हा खेळ होता, दोन रिकामटेकड्या मास्तरणींचा पोरखेळ, त्यात खरं काहीही नाही, नावही चुकूनच पडलं. त्यांनी माझ्यावर हसायला हवं, तेवढंच मला हवं आहे. ज्या गोष्टीवर माणसं हसतात तिच्यासाठी कोणी काडी मोडत नाही. पण तू तिथे असशील, आणि तू ते ऐकशील. गावाने ते खरं मानावं, तू मानू नयेस, म्हणून हे पत्र आज लिहिलं. वाचून झालं की जाळून टाक. आणि मी तसं म्हणत असेन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. टीनाकडे बघ, भिंतीकडे बघ. तू बघितलंस तर ते वाक्य माझ्याच्याने पुरं होणार नाही, आणि टीना तुला मिळायला ते पुरं व्हायलाच हवं.

तुझीच,
नीता