कावळ्यापुढच्या तीन बाटल्या

किहीम,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५५

चि. कमळ हीस मनुबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्या दोनच यत्ता, वाचायला अर्धा दिवस लागतो. पण ‘अंबाजीशी पाट ठरला’ एवढं एका दमात वाचलं, आणि चुलीवरचं कालवण उतू गेलं तरी उठले नाही! बाय गो, किती बरं झालं! वीस वर्षांची पोर, नवऱ्यामागं किती दिवस आजेसासूचे पाय चेपणार? अंबाजीला मी पाहिलाय. माणूस चांगला. मिशा तेवढ्या कमी करायला सांग, जेवताना आमटीत बुडतात.

पाटाआधी पाया पडायला येऊ का म्हणून विचारतेस. ते सांगते. आधी वाईनचं ऐक.

तुझा मार्तंड बोटीवर साहेबांच्या टेबलाला वाढायला होता. शेवटच्या रजेत त्यानं तीन बाटल्या आणल्या, आठवतं? तिन्ही पांढऱ्या. एक फ्रेंचांच्या मुलखातली, एक पोर्तुगालच्या फिरंग्यांची, एक जर्मनांच्या नदीकाठची. तळलेले बोंबील पुढ्यात ठेवून म्हणाला, “आजी, निवड.” मी भंडाऱ्याची बायको, जन्म माडीत गेला. फ्रेंचांची पहाटेच्या माडीसारखी गोडसर. जर्मनांच्या वाईनला ओल्या दगडाचा वास. फिरंग्यांची जिभेला चावणारी, ती मी निवडली. तो हसला, “तुला काय कळतंय? जर्मनांची खरी!” तूही पदराआड हसलीस.

मग बोट बुडाल्याची तार आली. देह काही मिळाला नाही. दहाव्याला कावळा शिवेना. तू घरात होतीस, तुला कोणी सांगितलं नाही. उन्हं चढली. माझा रावजी म्हणाला, “आई, पुतण्याच्या बाटल्या आण.” तिन्ही करवंट्यांत ओतून पिंडाशी ठेवल्या. कावळे गोल बसून राहिले. शेवटी एक शिवला. कसा, ते पुढे.

तुझी काळी कोंबडी खुडूक बसलीय. आंब्याला मोहोर यंदा बरा.

तुझं पत्र आल्यापासून भरदुपारी ओटीवर कोणी येऊन बसतं. दिसत नाही. सारवण ओलं होतं, मांडी घातल्याएवढं. मी भ्याले नाही. आपलं पोर असेल तर भ्यायचं कशाला, आणि नसेल तर कळायला हवं. उरलेली वाईन तीन करवंट्यांत मांडली. आंबली होती, पण मांडली. फ्रेंचांची तशीच राहिली. फिरंग्यांची तशीच. जर्मनांची संपली, आणि तळाला मीठ धरलं.

आनंदानं रडले गो. मार्तंडच!

काल बोलला. तुझं नाव त्यानं कधी चारचौघांत घेतलं का? काल घेतलं. “आजी, कमळ कुठाय? तू शब्द दिलायस.”

दिला होता. कावळा वाईनला शिवलाच नव्हता. मीच मोठ्यानं म्हटलं, “मार्तंडा, कमळ या घरातून कुठं जाणार नाही,” तेव्हा त्यानं झटकन पिंड उचलला. पोर सुटावं म्हणून बोलले. तुला विचारलं नाही.

काल म्हटलं, “माहेरी गेलीय.”

“वाट कुठली? मला आठवत नाही.”

“पी आधी,” म्हटलं, आणि करवंटी भरली.

तर येऊ नकोस. मी आजारी आहे असं कळलं, मी मेले असं कळलं, तरी किहीमला येऊ नकोस. हे पत्र रावजीच्या घरी बसून लिहितेय. तुझं पत्र चुलीत घातलं. उत्तर पाठवू नकोस. पाकिटावर गावाचं नाव असतं, आणि त्याला वाचता येतं.

बाटलीत अजून आहे. संपली की बसून गोष्टी सांगेन. नातवाला आजी पुरते, पुरायलाच हवी.

पाट लाव. हिरवा चुडा भर. पोरंबाळं होऊ देत, आणि त्यांना माझं नाव सांगू नकोस.

आता एकट्या त्याचीच आजी,
मनुबाई