सहापैकी सहा

हैदराबाद,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दिशाताई,

सप्रेम जय भीम. मी बरा आहे. भावोजी बरे असतील. मृणालीचा खोकला गेला का? इथे वृद्धाश्रमात काम तेच. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, आणि शनिवारी प्रत्येकाचा कागद भरायचा. आंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवीवर ताबा, जेवण. दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमलं तर एक गुण, नाहीतर शून्य. सातवीत शाळा सोडलेला मी, लोकांना मार्क देतो!

तुला दोनदा फोन लावला, रिंग जायच्या आधी कट केला. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

दसऱ्याला मी तोच कागद घेऊन गावी गेलो होतो. आपलं ठरलं होतं, बाबांना चारच्या खाली गुण पडले तर तू त्यांना भाट्याला तुझ्या घरी न्यायचं. मी सहापैकी सहा कळवले. तू फोनवर रडलीस, आनंदाने.

ताई, त्यातला एकही गुण मी डोळ्यांनी बघून दिलेला नाही.

आई मार्चमध्ये गेली. लकवा झाल्यापासून पाच वर्षं बाबांचं सगळं तीच करायची; ती गेल्यापासून ते घरात एकटेच. त्या दिवशी मी शर्ट पुढे केला, म्हटलं घाला. बोटं बटणापर्यंत पोचली नाहीत. बाबा म्हणाले, "तू भायेर जा. तू असलास की नाय होत." मी घरासमोर खळ्यात उभा राहिलो. भर दुपार होती. आत न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्या तांब्याने, सावकाश. मग बाबांचा आवाज, "हळू गं, कानात जाताय."

दार ढकललं. बाबा खुर्चीत बसलेले. केस ओले, भांग पाडलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. घरात दुसरं कोणी नाही.

शेजारच्या येसूकाकीने बांगड्याचं कालवण दिलं होतं. ताट ठेवून परत बाहेर गेलो. आलो तर काटे ताटाच्या कडेला ओळीत लावलेले, लहान-मोठे बघून. आपल्या घरात तसे कोण लावायचं, तुला माहीत आहे.

मी विचारलं, "बाबा, कोणाशी बोलत होता?"

"तू तुझा कागद भर," म्हणाले. मग हळूच, "दिशाकडं मला न्यू नका रे. ही एकटी काय करील?"

आपल्यात असलं मानत नाहीत. केरूच्या बायकोच्या अंगात यायचं तेव्हा बाबांनीच तिला डॉक्टरकडे नेलं, सगळ्या वाडीला चार गोष्टी सुनावल्या. त्याच बाबांच्या तोंडून हे ऐकलं. सगळीकडे एक एक लिहिलं आणि पहिली एस.टी. धरली. सुट्टी संपली हे खोटं होतं. अजून तीन दिवस होते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल येसूकाकीचा फोन आला. म्हणते, "बाबाजी रोज न्हालेला, विंचारलेला बसतो हो, नवऱ्यावानी. पन हाडाची काडी झालीय. चार दिस माझी भाकरी परत पाठवतो. पोट भरलंय सांगतो. ती वाढते म्हनतो."

ताई, काकी सांगते, चूल पेटलेली नाही. घरात दाणा शिजलेला नाही. बाबा उपाशी आहेत आणि त्यांना ते कळत नाही. मी आज निघतोय, पण मला दीड दिवस लागेल. तू आजच जा. भावोजींना घेऊन जा, गाडी करा, तिथून थेट दवाखान्यात न्या. गुण सहा नाहीत, शून्य आहे. खोटं मी लिहिलं. भावोजींना तसंच सांग.

आणि एक. हसू नकोस. दारातून आधी बाबांना हाक मारू नकोस. आईला हाक मार. म्हणावं, "आई, तू खूप केलंस. आता आम्ही करतो." मग थोडं थांब आणि आत जा.

हे मीच म्हणायला हवं होतं, तिथे उभा असताना.

पळून आलेला तुझा भाऊ,
सम्यक